त्या मंगळवारी मरीमाय आली नव्हती

साल एकोणीसशे सत्तावीस. मी वीस वर्षांचा होतो. तेव्हाचं हे — बायकोले सांगितलं नाही, पोरायले सांगितलं नाही. आता तुमाले सांगतो.

इंझोरीपलीकडच्या आमच्या गावात पटकी आली होती. तरण्या पोरायले सकाळी हगवण-ओकारी लागली, की दिवे लागायच्या आत मसणात. वाशीमहून सरकारी माणूस आला, त्यानं गावविहिरीत लाल दवा टाकली, न रोज टाकायच्या पुड्या नामदेवाच्या हाती दिल्या. नामदेव चार बुकं शिकलेला. मी दुसरीतून पळालेला. मले कोणी विचारलंही नाही — ते मले लागलं.

लाल पाणी पाहून लोक बिचकले. नामदेव हसे, "प्या ना बाप्पा! रंग पाहून काय सोयरीक कराची हाय?" अन् लोक पिऊ लागले. त्याचं ऐकू लागले.

माझ्या अंगात मरीमाय यायची, पटकीची देवी. खरी यायची — आजही मी तेच म्हणतो. पण त्या मंगळवारी? नव्हती आली. मी आपल्या मनानं घुमलो, न तिच्या नावानं बोललो — हे रक्ताचं पाणी पिऊ नका, नाल्यावर जा.

गाव नाल्यावर गेलं. सगळे गेले, की मी मात्र विहिरीचंच प्यायचो.

माझी धाकटी बहीण गुणी, चौदा वर्षांची. घागर घेऊन दारात थांबली. "दादा, मायच बोलली ना? का तूच?" हसून राह्यली होती. खरं सांगायले काय अडलं होतं मले? घरचीच तर पोरगी — पण मी म्हणलो, "मायच."

"मंग नाल्यावरूनच आणतो," म्हणाली, न गेली.

तिसऱ्या दिवशी तिले लागली. पाणी-पाणी करे. मी धावत जाऊन विहिरीचं आणलं. तिनं तांब्यातली लाली पाहिली, मंग मले पाहिलं. अन् प्याली. दिवेलागणीले गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव आमच्या दारात जमलं. नामदेवही होता. खरं बोलायची जागा तीच होती, नाही का? मी मळवट भरला, घुमलो, न सांगितलं — मायनं माझी बहीण घेतली, तिचं मन भरलं, आता विहिरीचं पाणी प्या.

लोकायनं माझे पाय धरले. नामदेवानंही धरले. मी धरू दिले.