दुकानातला बाण

मुजीब गेल्यावर त्याचा थोरला भाऊ अफताब दुकानाची किल्ली न्यायला आला आणि सहज म्हणाला, "काका, शेवटी शेवटी तो तुमच्याशीच जास्त बोलायचा. कसा होता हो?"

मुजीबला जेवणात काय आवडायचं, सांगलीतली त्याची खोली कशी होती, तिथं त्याची विचारपूस कोण करायचं, यातलं मानसिंगकाकांना काहीच ठाऊक नव्हतं. ओळख होती ती पडद्यावरच्या बाणाशी.

रहिमतपूरच्या पेठेत मुजीबचं लग्नपत्रिका छापून द्यायचं दुकान होतं. एकटा जीव. किडनी बिघडली तसा तो डायलिसिससाठी सांगलीत खोली घेऊन राहिला. दाराला कुलूप दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडं वळतं आणि परत येत नाही, एवढी एकच धास्ती त्याला होती. म्हणून जाताना त्यानं किल्ली शेजारच्या मानसिंगकाकांच्या हाती दिली. काकांचं घरही रिकामंच होतं. बायको वारलेली, मुलगा गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायला मदुराईला.

दुकानातला कॉम्प्युटर सांगलीत बसून आपल्या लॅपटॉपवरून चालवायचा, असं मुजीबनं ठरवलं होतं; तो कसा जोडायचा ते पहिल्या दिवशी त्यानं फोनवर सांगितलं.

"काका, पडद्यावर नंबर आला आसंल, तो वाचा."

काकांनी चष्मा सावरून मोठ्यानं नंबर वाचला.

"आवं काका, ह्यो प्रिंटरच्या चिठ्ठीवरचा हाय! पडद्यावर बघा, पडद्यावर."

मग परवानगीचं बटण दाबायचं होतं. काकांनी ते दाबलं आणि हात मागं घेतला. माउसला कुणाचा हात नसताना बाण आपला आपण सरकू लागला.

"अरं, ह्यो पळाया लागला की!"

"मीच हाय तो, काका."

काका चटकन खुर्चीवरून उठले. माणूस आल्यावर त्याच्या जागेवर कसं बसून राहायचं? पुढंही बाण हलू लागला की ते बाजूच्या स्टुलावर जाऊन बसायचे.

एकदा घोटाळा झाला. काका चहाला घरी निघाले. बाहेर पडताना मेन स्विच काढायचा, ही जन्माची सवय. तिकडं सांगलीत मुजीबच्या पडद्यावर अंधार झाला आणि अर्धी रचलेली पत्रिका गेली.

"काका, मला दुकानाबाहेर काढलंसा की!" तो हसत म्हणाला. काकांना मात्र ते लागलं. तेव्हापासून बाणाचं काम चालू असेतो ते दुकान सोडत नसत.

दुपारभर दुकानात पंख्याचा आवाज आणि तो बाण. मध्येच तो थांबायचा. दमला असेल, की डोळा लागला असेल? विचारावं म्हणून काका फोन उचलायचे. आपण कोण विचारणारे, असं वाटून परत ठेवायचे. बऱ्याच वेळानं बाण हलला की त्यांच्या जिवात जीव यायचा.

गावातल्या बिरदेवच्या लेकीची पत्रिका करायची होती त्या दिवशी बाण फारच हळू चालला. संध्याकाळी एकदाचा प्रिंटर घरघरला. बिरदेव पत्रिका घेऊन गेल्यावर काकांनी फोन केला.

"बिरदेव म्हणत हुता, बरं झालं दुकान चालू हाय, न्हाईतर कोरेगावला जावं लागलं असतं."

"व्हय? आसं म्हणला?"

"म्हणला की."

"बरं, जावा आता घरी, काका."

"मेन स्विच?"

"काढा आज. उद्या दवाखान्यातच दिवस जाईल माझा."

"बरं."