ताटात न मावलेली गाडी

माझं शुद्धलेखन चुकणार. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल राहिली नाही, खुरपं आलं, त्यामुळे अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणी वाचलंच तर माफ करावं. चार माणसं समोर असली की माझा आवाज घशातच राहतो, म्हणून लिहिते. आणि राग अजून गेलेला नाही, म्हणूनही लिहिते.

माझ्या दोन्ही म्हशी आटल्या होत्या. त्या बाजारात विकल्या, सत्तर हजार आले. त्यात थोडी भर घालून एक चांगली दुभती म्हैस घ्यायची असं ठरलं होतं. ऊस, जमीन सगळं मालकांच्या नावावर, पण डेअरीला दूध माझ्या नावाने जायचं. माझे म्हणावेत असे पैसे घरात तेवढेच.

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ बारामतीहून आमच्या गावी, कळसला आला. तो प्लॉट घेतो-विकतो. म्हणाला, "अक्का, एक व्यवहार अडकलाय. दसऱ्याला परत देतो, तुझी शप्पत." मी दिले. भावाला नाही म्हणायला मला तोंड कुठं होतं?

दसरा गेला, दिवाळी गेली. मी फोन केला की "व्हय अक्का, होतंय, होतंय." पुढं काय बोलावं ते मला सुचायचं नाही, मी फोन ठेवायची. गोठा रिकामा. मी दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाऊ लागले. उसाची पानं हाताला कापतात, घाम लागला की आग होते. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही.

पुढच्या भाऊबिजेला त्याच्या नव्या घरी गेले. हॉलमध्ये काचेचं कपाट, आत दिवा, आणि दिव्याखाली गाडी. जुन्या काळातली, राजे लोक बसायचे तसली. लहान मुलाच्या पाळण्याएवढी लांब. वर काळा रंग, खाली डाळिंबासारखा. भावानं ती दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. "अक्का, बघ तर. खऱ्या गाडीचा आठवा हिस्सा. सगळी धातूची."

त्यानं दारं उघडली. आत खऱ्या चामड्याच्या बैठका, त्यावर शिवण दिसत होती. काच खाली करायची मूठ जिऱ्याएवढी. बॉनेट दोन्ही बाजूंनी पाखराच्या पंखासारखं उचललं, आत इंजिन, इंजिनाला वायरी, वायरींना वेगवेगळे रंग. स्टेअरिंग फिरवलं तर पुढची चाकं वळली. चाकांच्या तारा तर केसाएवढ्या. मी वाकून वाकून बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली. कुणीतरी कितीतरी दिवस डोळे फोडून ती बनवली असणार.

तिथं भावाचा धंद्यातला एक मित्र बसला होता. त्यानं विचारलं, "कितीला पडली?"

"पासष्ट हजार. बाहेरून मागवायचा खर्च येगळा."

हे तो माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला. आवाज बारीक केला नाही, माझ्याकडं चोरून बघितलं नाही. लपवलं असतं तर मी एवढी पेटले नसते. त्याला माझे पैसे आठवतच नव्हते. माझे कान तापले. मी गाडीपासून बाजूला झाले.

मग ओवाळायची वेळ झाली. भाऊ पाटावर बसला, मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यानं ताटात पाचशेची नोट टाकायला हात पुढं केला आणि मी ताट मागं घेतलं.

"मला ती गाडी घाल," मी म्हणाले.

"काय?" माझा आवाज त्याला ऐकूच आला नाही.

परत म्हणावं लागलं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. "ती गाडी. ओवाळणीत."

सगळे हसले. भाऊ म्हणाला, "अक्का, ती ताटात मावंल तरी का?"

"न्हाय मावली तर मी कडेवर घेईन."

भावजय पुढं आली. "वन्सं, भाऊबिजेला असं मागत्यात व्हय? आमी तुमाला पैठणी आणलीया की."

"पैठणी नेसून म्हशीच्या धारा काढू? म्हशी तरी कुठं हायत्या!"

आता कुणी हसलं नाही. ओवाळणी पडल्याशिवाय भावानं पाटावरून उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो बसलेला, मी ताट धरून उभी. निरांजन हलत होतं, पण ताट मी खाली ठेवलं नाही. शेवटी तो मित्रच म्हणाला, "आरं दे की, थोरली बहीण हाय. रिकाम्या ताटानं माघारी लावतोस का काय तिला?" धंद्यातल्या माणसापुढं भावाची मान खाली गेली. "ने," म्हणाला. मी लाजून सोडून जाईन असं त्याला वाटलं असणार. मी सोडली नाही.

यष्टीत गाडी मांडीवर घेऊन बसले. वरवंट्यासारखी जड. कंडक्टर म्हणाला, "मावशी, घरची गाडी असून यष्टीनं?" मागून कुणीतरी म्हणालं, "डायवर सुट्टीवर असंल." सगळी यष्टी हसली. मी गाडीवर पदर घेतला.

घरी मालक म्हणाले, "आगं, हे काय आणलंस?"

"आपल्या म्हशी," मी म्हणाले.

"पाव्हणं तुटतील."

"तुटू द्या."

गाडी ट्रंकेवर ठेवली, वर जुनं लुगडं टाकलं. दुपारी घरात कुणी नसलं की लुगडं काढून बघायची. दार उघडायची, लावायची. 'टक्' असा बारीक आवाज यायचा. बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून परत राग यायचा.

दुसऱ्याच दिवसापासून भावाचे फोन सुरू झाले. "अक्का, ओल्या फडक्यानं पुसू नको." "अक्का, उन्हात ठेवू नको, रंग उडतो." "अक्का, दारं लई उघडू नको, बिजागरी नाजूक असती." इतके दिवस अक्का जेवली का हे विचारायला त्याला सवड नव्हती. आता सकाळ-संध्याकाळ गाडीची खुशाली. एकदा मी म्हणाले, "शेळी घरात शिरती. काल बॉनेट चाटत व्हती. म्हशीचे पैसे आण आन् घेऊन जा." शेळी कुठली, आमच्याकडं शेळीच नाही. पण त्याला ते माहीत असायला तो कधी घरात नीट बसला होता?

चार दिवसांत तो आला. पन्नास हजार आणले होते. मी घेतले. तो ट्रंकेकडं वळला तशी मी मधे उभी राहिले.

"अक्का, इस्वास न्हाय का माझ्यावर?"

"व्हता. दसऱ्यापतोर व्हता."

"सख्ख्या भावाची गाडी तारण ठेवतीस?"

"माझ्या म्हशी तू बिनतारणाच्या नेल्यास."

चहा न घेता गेला. भावजयीनं सगळ्या भावकीत सांगितलं, की वन्संनी भाऊबिजेला दरोडा घातला. ते कळसपर्यंत आलं, बायका मला विहिरीवर विचारायच्या. मी मान खाली घालून हंडा उचलायची. पण उलट उत्तर मनात शंभर वेळा दिलं.

संक्रांत झाल्यावर तो परत आला. या वेळी दारातच उभा राहिला, पिशवी माझ्या हातात दिली. मी ओसरीवर बसून मोजायला लागले. त्यानं आत जाऊन ट्रंकेवरची गाडी उचलली, अंगणात उजेडाला नेली आणि ओरखडे शोधायला लागला. बॉनेट उघडलं, चाकं फिरवली, खालून वाकून बघितलं. एक ओरखडा नव्हता. त्याला ते बरं वाटलं का वाईट, मला कळलं नाही.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

मी मोजतच राहिले, बोलले असते तर मोजणं चुकलं असतं. थुंकी लावून एकेक नोट बाजूला काढली. वीस हजार. आधीचे पन्नास. सत्तर पुरे झाले, एक रुपया कमी नाही.