व्याह्यांच्या ताटातला धोंडा

डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर गोळी सुरू, आणि ती कायमची. म्हणून लेकीने मला मोबाइलवरच्या आहार-व्यायामाच्या गटात घातलं. पहिल्या दिवशी स्क्रीन उघडली, तर शेजारच्या चौकोनात व्याही! त्यांच्याही डोक्यावर तीच साखरेची गोळी टांगलेली. आम्हा दोघांना न सांगता पोरीने एकाच दावणीला बांधलं होतं.

या गृहस्थांवर माझा राग जुना. लग्नात भर पंगतीत ते म्हणाले होते, "भंगारवाल्याच्या घरचं कार्य, पण जेवण चांगलं होतं हो!" महाळुंग्याच्या कंपन्यांचं भंगार उचलून मी मोशीत तीन मजले चढवले. तो 'पण' मात्र अजून घशात आहे.

गटातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी नेमकी आमचीच जोडी लावली. रोज एकमेकांच्या ताटाचा फोटो तपासायचा. मी फोटो मोठा करून त्यांच्या रश्श्यातला बटाटा शोधायचो. ते निगडीहून लिहायचे, "व्याहीबुवा, भाताचा डोंगर झालाय." मी उसळायचो.

तेवढ्यात अधिक महिना लागला. लेक-जावयाला धोंडे जेवायला बोलवायचं तर व्याह्यांना वगळून कसं चालेल? पुरण भरलेले वाफाळते धोंडे समोर आले आणि मी सवयीने सुरू झालो.

"पाव्हणं, चार तरी घ्या!"

"एक."

"तीन! घरचं तूप हाय."

"अहो, परवा आपल्या दोघांची तपासणी. अर्धा."

"अर्धा? माझ्या दारात पाहुणा अर्ध्यावर उठणार?"

माझा आवाज चढला. गटाचा रविवारचा क्लास मोबाइलवर चालू होता आणि लेकीने मोबाइल आमच्याकडेच धरला होता. बाई म्हणाल्या, "काका, वाढताय की विकताय?" सगळे चौकोन खदखदून हसले.

उभा जन्म मी सौदा जिंकत आलो. त्या दुपारी पहिल्यांदा हरायला बसलो, आणि मलाच हसू फुटलं. "बरं, अर्धा तुम्हाला, अर्धा मला." एकच धोंडा आम्ही मधोमध मोडला. उरलेले जावयाच्या पानात पडले. तो कळवळला, "मामा, मी काय गुन्हा केला?"

जेवल्यावर आम्ही गल्लीत शतपावलीला निघालो. ते पुढे गेले की मी वेग वाढवायचो, मी पुढे गेलो की ते. शेवटी दोघेही चड्डीशिवाय पळणाऱ्या पोरांसारखे धावत सुटलो.

रिपोर्ट हातात आला तसा मी आधी त्यांनाच फोन लावला.

"गोळी टळली!"

"माझीपण!"

आम्ही इतके ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली, "आता कुणाशी भांडण काढलंत?"