सुमेधाने ट्रक उचलला

सुमेधा देशकर कॅनडातल्या बर्नाबी शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्यांनी बांधलेली गोष्ट कुठे मोडेल ते आधी शोधून काढायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. नागपूरहून आली तेव्हा ऊर्मी कडेवर होती. आता ऊर्मी युनिव्हर्सिटीत आहे आणि आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते.

ऊर्मी शाळेत असताना तिच्या वर्गाच्या सहलीबरोबर सुमेधा शहराबाहेरच्या एका छोट्या सॅमन हॅचरीत, म्हणजे सॅमन माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवतात तिथे, गेली होती. हॅचरी सगळी व्हॉलंटियर लोकांनी चालवलेली. सहल झाली, पोरं विसरूनही गेली, पण सुमेधा शनिवारी शनिवारी तिथे जायला लागली. टाक्या घासायच्या, पिल्लांना खाणं घालायचं, मेलेली अंडी चिमट्याने वेचून काढायची. नवरा मिलिंद पुण्याचा, स्वभावाने शांत. त्याला वाटलं, हा नवा नाद महिन्या-दोन महिन्यांत उतरेल. तो काही उतरला नाही.

दर वसंतात यातली काही पिल्लं डोंगरातल्या वरच्या ओढ्यात नेऊन सोडायची असतात. हे काम गॉर्डन करायचा. गॉर्डन म्हणजे हॅचरीतला सगळ्यात जुना माणूस, कमी बोलणारा. त्याच्या ट्रकवर टाकी चढवायची आणि जुन्या लॉगिंग रोडने, म्हणजे लाकूडतोडीसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्याने, वर जायचं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग त्याची नजर अधू झाली, लायसन्स गेलं, ट्रकही त्याने विकून टाकला. आता पिल्लं कोण नेणार, असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं. सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघत बसले.

"मी नेईन," सुमेधा म्हणाली. तिच्याकडे तेव्हा फक्त एक सेडान होती.

मिलिंदला हे जेवताना कळलं. तो रागावला नाही. तू आयुष्यात कधी ट्रक चालवला आहेस का, एवढंच त्याने विचारलं. चालवला नव्हता. पण निवृत्त होणाऱ्या एका प्लंबरचा जुना निळा पिकअप स्वस्तात मिळत होता. तो तिने घेतला आणि ऑफिसला जाता-येता चालवून हात बसवला.

पहिली खेप मात्र फसली. लॉगिंगवाल्यांनी तो रस्ता सोडून देताना पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून जागोजागी आडवे चर खणून ठेवले होते. टाकीत पाणी भरल्यावर ट्रक मागून असा बसला, की पहिल्याच चरात त्याचं बूड दगडाला घासलं. पुढच्या चरात जोरात आपटलं. त्याच्या पुढच्या चरात मागचा भाग काठावर टेकला आणि ट्रक अडकला तो अडकलाच. उरलेला चढ हॅचरीतून बरोबर आलेल्या सगळ्यांनी बादल्या घेऊन पायी गाठला. बादल्यांच्या फेऱ्या चालू असतानाच टाकीतला ऑक्सिजन संपला. सुमेधा परत आली तेव्हा पाण्यावर पांढरी पोटं दिसायला लागली होती.

गॉर्डनने तिला दोष दिला नाही. असं होतं, म्हणाला. पण हिवाळाभर ज्यांना तिने हाताने भरवलं होतं ती पिल्लं ओढ्यापाशी पोचता पोचता मेली होती, आणि ती ट्रक घेऊन गेली होती म्हणून मेली होती. घरी आल्यावर ऊर्मीने विचारलं, "हाऊ वॉज इट?" सुमेधा ट्रकची चाकं धूत राहिली.

ट्रक उचलायचा, म्हणजे सस्पेन्शन बदलून त्याची उंची वाढवायची, हे तिने तिथेच ठरवलं. किती वाढवायची आणि कशाने, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

ती आधी एका मोठ्या दुकानात गेली. तिथे चकाचक ट्रक उभे होते, चाकं तिच्या कमरेएवढी. दुकानातला मुलगा नम्र होता. त्याने सहा इंचांचा लिफ्ट दाखवला, मोठे टायर दाखवले, वर एकदम मस्त दिसेल असंही सांगितलं. ट्रक जितक्याला घेतला, जवळजवळ तितकाच खर्च होता. उंचावर टाकीतलं पाणी हिंदकळलं तर काय, हा तिचा प्रश्न त्याला नवाच होता. विचारून सांगतो म्हणाला, पण पुढे त्याचा फोन आला नाही.

मग मिलिंदच्या मित्राने, देवेशने, सोपा उपाय काढला. त्याच्या गराजमध्ये जुन्या ट्रकमधून काढलेले लोखंडी ठोकळे पडून होते. मागच्या ॲक्सलवर ते बसवले की ट्रक वर, पुढे स्प्रिंगच्या डोक्यावर एक चकती घातली की झालं. शनिवारी ड्राइव्हवेवर तो स्वतः बसवून देणार होता, फुकट. मिलिंदला हे पटलं. सुमेधाने देवेशला जेवायला बोलावलं आणि वाढता वाढता एकेक प्रश्न विचारला. स्प्रिंगा जुन्या आणि थकलेल्या असताना त्यांच्यावर ठोकळे रचले तर जोर कुठे येईल? मागे एवढं वजन असताना उतारावर ब्रेक दाबला तर स्प्रिंगा पिळवटणार नाहीत का? ब्रेकची नळी तेवढी लांब आहे का? देवेश म्हणाला, सगळे करतात, ऑनलाइन बघ.

"सगळे करतात, पण सगळे मासे घेऊन जात नाहीत ना," सुमेधा म्हणाली. "राग मानू नकोस देवेश. मला हे नको."

देवेशने राग मानला. पुढचे काही महिने तो मिलिंदला बाहेरच भेटायचा, घरी यायचा नाही. सुमेधाला त्याचं वाईट वाटायचं. एकदा मिलिंद म्हणालाही, कशाला एवढं ताणायचं, त्याने मदतच तर करायची म्हटलं होतं. तिने ऐकून घेतलं, पण मन बदललं नाही.

एका रविवारी दुपारी तिने ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरला, टॉर्च घेतला आणि पाठीवर सरकत ट्रकखाली शिरली. ऑफिसात एखादं सॉफ्टवेअर पडलं की ती आधी नेमकं कुठे पडलं ते बघते. इथेही तेच केलं. दगडाने खरवडलेल्या खुणा ताज्या होत्या, गंजात चमकत होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या मागच्या बाजूला होत्या. पुढचं बूड, मधला भाग, कशालाच धक्का लागला नव्हता.

ती बाहेर आली, केसांतला गंज झटकला आणि मिलिंदला म्हणाली, "हा ट्रक बुटका नाहीच आहे. तो मागून बसून राहिला ना."

तिचं नागपूर असं मध्येच बोलण्यात यायचं, ती खूश असली की जास्तच.

हे घेऊन ती जवळच्या सरे शहरातल्या बलजीतच्या गराजमध्ये गेली. बलजीतने मोठ्या मालट्रकांवर वर्षं काढली होती. त्याने पिकअप वर चढवला, खाली उभा राहून पाहिलं आणि मान हलवली. मागचे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, ती वजन वाहून वाहून सपाट झाली होती. तिचं म्हणणं बरोबर होतं. आता उंची किती हवी, असं त्याने विचारलं. त्याचा अंदाज तीन-चार इंचांचा होता. लोक तेवढी मागतात.

सुमेधा हिंदीत म्हणाली, "भाईसाहब, इसमें पानी भरा रहेगा. पानी हिलता है. जितना ऊपर जाएगा, उतना हमें भी हिलाएगा. मुझे बस इतना चाहिए कि पत्थर ना लगे."

बलजीतने टाकीचं माप विचारलं, भरल्यावर वजन किती ते विचारलं, चरांचे फोटो बघितले. मग दोघांनी बसून ठरवलं. मागे वजनाला साजेसे नवे पाटे, त्यांनीच गेलेली उंची परत येणार आणि थोडी वरही मिळणार. पुढे थकलेल्या स्प्रिंगवर चकती नाही, तर नव्या स्प्रिंगांची जोडी आणि शॉक ॲब्सॉर्बर. सगळं मिळून मूळ उंचीपेक्षा जेमतेम दोन इंच. टायर तेच. इन्शुरन्सवाल्यांना विचारून, त्यांना हवं तसं तपासून घ्यायचं तेही ठरलं. सगळ्याचे पैसे एकदम नव्हते, म्हणून ती हिवाळाभर थांबली. अर्धं काम आज आणि अर्धं पुढे कधीतरी, असा ट्रक तिला रस्त्यावर आणायचा नव्हता.

काम झालं तेव्हा पहिल्या नजरेत कुणाच्या लक्षात येऊ नये इतकाच फरक दिसत होता. चाकांची अलाइनमेंट झाली होती. पुढून नाक वर आल्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात होते, तेही बलजीतने खाली वळवून दिले.

माशांच्या आधी सुमेधाने नुसतं पाणी नेलं. टाकी अर्धी भरली आणि रविवारी एका शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये ट्रक घेऊन गेली. मिलिंद शेजारी बसला, दारावरची मूठ घट्ट धरून. तिने हळू गोल चकरा घेतल्या, मग ब्रेक मारला. मागून पाण्याचा असा धक्का बसला की ट्रक थांबल्यावरही पुढे ढकलल्यासारखा वाटला. तिने टाकी काठोकाठ भरून घेतली. आता पाण्याला हिंदकळायला जागाच नव्हती. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. ट्रक सरळ उभा राहिला.

मिलिंदने मूठ सोडली. "परत एकदा घे," तो म्हणाला. "जरा जोरात."

वसंतात ते तिघं वर गेले. सुमेधा चालवायला, शेजारी गॉर्डन, आणि मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन मिलिंद. पहिला चर आला. पुढची चाकं उतरली, चढली, मागची उतरली, चढली. कान देऊन बसलेल्या तिघांनाही काही ऐकू आलं नाही. जिथे ट्रक अडकला होता तो चरही तसाच मागे पडला.

पुढे एका वळणावर मात्र रस्त्याची बाहेरची कड दरीकडे खचली होती. सुमेधाने ट्रक थांबवला, उतरून चालत गेली, बुटाने माती दाबून पाहिली. आतली बाजू, डोंगराला लागून, भक्कम होती, पण तिथे दगड पडले होते. मागच्या वर्षी त्या दगडांवरून ट्रक गेलाच नसता. तिने मोठे दगड ढकलून बाजूला केले, उरलेल्यांची उंची हाताने मापली आणि परत आली.

"तुम्ही दोघं उतरा," ती म्हणाली.

गॉर्डन उतरला. मिलिंद जागचा हलला नाही. "मग तू पण उतर," तो म्हणाला.

"ट्रक कोण नेणार?"

तो उतरला. तिने ट्रक डोंगराच्या कुशीला घातला. आतली चाकं दगडांवर चढली तसा ट्रक बाहेरच्या बाजूला थोडासा कलला, पण त्याहून जास्त नाही. पाणी हललं नाही. ती घाई न करता पुढे जात राहिली, चाकं दगडांवरून उतरली आणि ट्रक पलीकडे सपाट रस्त्यावर आला. मागे मिलिंद दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मग त्याने ते खाली घेतले आणि धावत आला.

ओढ्यावर त्यांनी आधी टाकीत थोडं थोडं ओढ्याचं पाणी मिसळलं, पिल्लांना थंडीची सवय व्हावी म्हणून. मग पिल्लांनी भरलेली बादली ओढ्यात आडवी केली. पिल्लं बाहेर आली, गोंधळली, आणि एकामागून एक प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली. सगळ्या टाकीत मेलेली म्हणून एखाद-दोनच सापडली.

सुमेधा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी होती. ऑफिसात तिचं काम चांगलं झालं की काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही त्याबद्दल कुणी कुणाला शाबासकी देत नाही. इथे ते तिच्या पायांभोवती पोहत होतं. तिची मान आपोआप ताठ झाली. ती ताठ मान कुणी पाहिली तरी चालेल असं तिला वाटलं.

गॉर्डनने रिकामी बादली विसळून काठावर ठेवली. मग म्हणाला, "मी असतो तर उंच ट्रक घेतला असता. आणि त्या वळणावर खाली दरीत गेलो असतो."

त्याच्याकडून एवढं लांब बोलणं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून वरच्या ओढ्याची खेप तिची झाली आहे. दरीपलीकडच्या एका हॅचरीने स्वतःचा ट्रक बघायला तिला बोलावलं, तेव्हा ती पुठ्ठा आणि टॉर्च घेऊन गेली.

तिथल्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये बसतो; त्या दिवशी शाळेच्या पार्किंगमध्ये एवढा चिखल लागलेला ट्रक कुणाचा, असं कुणीतरी विचारलं. "आमच्या हिचा," मिलिंद म्हणाला, आणि मोदकाची प्लेट हातात घेऊन चार जणांना दाखवायला निघाला. पाटे कुठे, शॉक कुठे, दोनच इंच का, सगळं सांगत होता. अर्धं चुकीचं सांगत होता. सुमेधा दारात उभी राहून ऐकत होती, पण तिने त्याला दुरुस्त केलं नाही. त्या चौघांत देवेशही होता. तो सिल्कच्या कुर्त्यात खाली वाकला, मान तिरकी करून ट्रकच्या बुडाखाली बघत राहिला, आणि उठून तिच्याकडे वळला.

"पाटेच बदललेस होय," तो म्हणाला. "बरं केलंस. ये, मलाही नीट दाखव."

ती पायऱ्या उतरून गेली.