वाचून दाखव, मोरेश्वर!

शाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. दर परीक्षेला पेपरांच्या गठ्ठ्यातून दोन-चार आपोआप घरी येतात. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील, मी डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या टीचर्स रूममधले निम्मे किस्से एकट्या मोरेश्वरच्या अक्षराचे! दिव्याहून गाडीनं यायचा, पोरगा हुशार, वर्गात विचाराल ते तोंडपाठ. पण कागदाला टाक टेकवला की संपलं!

*

एकदा मी त्याच्या नकाशाला दहापैकी सहा गुण दिले. नद्या जरा जास्तच झाल्या होत्या, पण म्हटलं, मेहनत केलीय पोरानं. पेपर हातात पडल्यावर तो माझ्याकडे आला.

"बाई, नकाशा मागच्या पानावर आहे. हे पंचवार्षिक योजनेचं उत्तर आहे!"

*

इतिहासाचे कर्वेसर अक्षराच्या बाबतीत भलतेच कडक. मोरेश्वर त्यांना म्हणाला, "सर, टाकच खराब आहे." सरांनी खिशातलं फाउंटन पेन काढून दिलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं! मोरेश्वरनं तास संपेपर्यंत लिहिलं, अक्षर होतं तसंच. पेनाचं निब मात्र पार वाकडं झालं. पुढे वर्षभर सरांचंही अक्षर आम्हाला लागेना!

*

त्याच्याच वर्गातल्या कुसुमचं अक्षर मोत्यासारखं. सहामाहीला कर्वेसरांनी "वा, वा!" करत तिला पास करून टाकलं. मी सहज पेपर चाळला, तर बाईसाहेबांनी सगळी प्रश्नपत्रिकाच सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली!

सर म्हणाले, "असू दे हो बाई. मोरेश्वरनंतर डोळ्यांना किती बरं वाटलं!"

आणि मोरेश्वरला? भोपळा! "जे वाचता येत नाही त्याला गुण कसले?" मला अस्सा राग आलेला!

*

प्रिलिमला पुन्हा तेच. आता मात्र इतिहासात नापास म्हणजे एस.एस.सी.चा फॉर्मच जाणार नव्हता. आणि फॉर्म नाही तर मामाच्या लाकडाच्या वखारीत बसायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलेलं. मी सरांच्या मागेच लागले. शेवटी वैतागून ते म्हणाले, "ठीक आहे. त्यानं स्वतः वाचून दाखवावं. वाचेल तेवढे गुण!"

मोरेश्वरला टीचर्स रूममध्ये बोलावलं. सरांनी गठ्ठ्यातून तो न लागणारा पेपर ओढला, मधलंच पान उघडून त्याच्यापुढे ठेवला. पोरगं घामाघूम. पण एकदा सुरू झालं ते थांबेना! सत्तावनचं बंड, त्याची कारणं, त्याचे परिणाम, ओळीवर बोट ठेवून सगळं घडाघडा! माझे तर डोळे भरून आले. ऐकायला येऊन बसलेले हेडसर म्हणाले, "कर्वे, फॉर्म पाठवा याचा!"

गुण मांडायला सरांनी पहिलं पान काढलं. त्या पानावर नावं आम्ही सुपरवायझर लिहायचो, म्हणून ती तरी वाचता यायची. सर ओरडलेच, "अरे, हा तर तुझ्या शेजारच्या बाकावरच्या दिनकरचा पेपर! त्याचंही अक्षर तुझ्यासारखंच!"

मोरेश्वरनं पुन्हा पेपरात डोकं घातलं, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला,

"सर, मग दिनकरलाही पास करा. सगळं बरोबर लिहिलंय त्यानं."