एका जिन्याचं घर

फोन आला तेव्हा मी कन्हानच्या शाळेत सातवीचा तास घेत होतो. मधुकरकाकांची बहीण, सुशीलाताई बोलत होत्या. "सर, दादा गेला. सकाळी चहा घेऊन वर गेली, तं उठलाच नाही..." नागपूरला घरी पोचलो तेव्हा आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर माणसं जमली होती. मधुकरकाकांना खाली आणायचं होतं. चौघांनी खाट उचलली. डोक्याकडून त्यांचे धाकटे भाऊ विलासभाऊ होते, पायाकडून मी. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खाट आडवीच वळली, कुठे उभी करावी लागली नाही. हा जिना बांधला जात असताना काका गवंड्याला म्हणाले होते, "वळणावर जागा सोड गा. माणूस आडवा नेता आला पाहिजे." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

मधुकरकाका माझे नातेवाईक नव्हते. मी रामटेकजवळच्या एका खेड्यातला, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. उत्तर नागपुरातल्या वस्तीत त्यांच्या वडिलांनी बांधलेलं कौलारू घर होतं, त्यातली समोरची खोली मला भाड्यानं मिळाली. काका गांधीबागेतल्या एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. लग्न केलं नाही. मी बी.एड.ला होतो तेव्हापासून ते मला 'सर' म्हणायचे. मी म्हटलं, "काका, अजून नोकरी लागली नाही." तर म्हणाले, "लागन ना. मी आतापासून सवय करून राहिलो." माझ्या अर्जांवरचे पत्ते ते स्वतःच्या हातानं लिहायचे, कारण माझं अक्षर पाहून कोणी मुलाखतीला बोलावणार नाही अशी त्यांची खात्री होती. नोकरी लागल्याचं पत्र मी आधी त्यांना दाखवलं, मग गावी बाबांना फोन केला.

काकांच्या पाठची बहीण सुशीलाताई. पती गेल्यावर त्या माहेरी परतल्या आणि ब्लाउज शिवू लागल्या. ओसरीत मशीन, आणि झोपायला साडीचा पडदा लावून केलेला एक कोपरा. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा काकांच्या मनात एकच गोष्ट होती, तिघा भावंडांना आपापल्या दाराचं घर मिळावं. प्लॉट अरुंद, समोर रस्ता, मागे बोळ. त्यांनी तळमजला धरून चार घरं काढली, एका मजल्यावर एक, आणि सगळ्यांना मिळून एक जिना. विलासभाऊंना वर आणखी दोन मजले हवे होते, भाड्यानं देता आले असते. काका म्हणाले, तेवढी उंची झाली की आगीत सुटायला नियमानं दुसरा जिना लागतो, आणि तो प्रत्येक घराची मागची खोली घेऊन जाईल.

"तं जाऊ दे ना," विलासभाऊ म्हणाले. "ताईले येगळं घर काहून पाहिजे? राहीन आमच्यासंग."

ओसरीतली मशीन थांबली. मी माझ्या खोलीत होतो, मला ते थांबणं ऐकू आलं.

पुढे घर पाडून जागा सपाट झाली. एका रविवारी काकांनी आम्हाला सगळ्यांना प्लॉटवर नेलं. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खऱ्या मापाचं घर आखलं, दोन जिन्यांचं. मग म्हणाले, "सुशे, तुह्या घरात जाऊन उभी राय." ताई चप्पल बाहेर काढून, जिथे दार आखलं होतं तिथूनच आत गेल्या. "हा ओटा. ही मोरी. आता मशीन ठेव." त्या पुढे गेल्या, मागे गेल्या, दोन पावलं आडव्या चालल्या. "दादा, मी तं जिन्यात येऊन राहिली." मग विलासभाऊंकडे पाहून म्हणाल्या, "काय रे, जिन्याखाली निजू का मी? तुह्या भाडेकरूंच्या चपला सांभाळीन." म्हणताना त्या हसल्या, पण उभ्या होत्या तिथून हलल्या नाहीत. विलासभाऊंनी पायानं ती दुसऱ्या जिन्याची चुन्याची रेघ पुसली. "दादा, वरचे दोन मजले नको." तळमजला ताईंना मिळाला, गिऱ्हाइकांना चढावं लागू नये म्हणून. उन्हाळ्यात तापणारा सगळ्यात वरचा मजला काकांनी स्वतःकडे घेतला. दुसरा विलासभाऊंना. पहिल्या मजल्यावर भाड्यानं मी आलो, पुढे लग्न करून.

काका नियमाच्या विरुद्ध नव्हते. म्हणायचे, "दहा मजल्याले दोन जिने पाहिजेच. पण चार घराले दुसरा जिना म्हंजे एका माणसाची खोली." मात्र आहे तो एक जिना मोकळा राहिलाच पाहिजे, यावर त्यांचा कडक पहारा असे. माझ्या मुलाची सायकल पायरीवर दिसली की दार वाजायचं. "सर, तुमची गाडी नो पार्किंगमंधी हाय." एका मजल्यावर एकच घर असल्यानं आम्हाला रस्त्याकडूनही वारा मिळतो आणि बोळाकडूनही. माझे एक सहकारी मोठ्या टॉवरमध्ये राहतात, त्यांच्याकडे लांबलचक पॅसेजमध्ये दिवसाही दिवा लागतो आणि समोरच्या दारामागे कोण राहतं ते त्यांना ठाऊक नाही. आमच्याकडे मी तापानं फणफणलो होतो, बायको-मुलगा गावी गेले होते, तेव्हा दोन दिवस जिन्यात माझ्या पायांचा आवाज आला नाही म्हणून विलासभाऊ दार ठोठावत आले होते.

मला पायांचे आवाज कळत नाहीत असं नाही. शेवटच्या आठवड्यात काका माझ्या दारापाशी येऊन दम खात थांबायचे, मग पुढचा मजला चढायचे. मी ते आतून ऐकत होतो. पेपर तपासत होतो... दार उघडून विचारलं नाही. एवढं एक मला आता काही केल्या पुसता येत नाही.

काकांच्या मागे करायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि काही दिवसांनी विलासभाऊंच्या मुलानं विषय काढला. शेजारचे दोन प्लॉट एका बिल्डरनं घेतले आहेत, आमचाही त्याला हवा आहे. ताईंचं काय, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "आत्या आमच्यासंगच राहीन ना." विलासभाऊ घराचे कागद शोधायला आम्हाला काकांच्या खोलीत घेऊन गेले. ताई तिथल्या खिडकीपाशी बसून राहिल्या. दादा गेल्यापासून त्यांनी मशीनवरचं कापड काढलं नव्हतं. कपाटात घराच्या नकाशाची गुंडाळी सापडली. महापालिकेचा शिक्का असलेली प्रत नव्हे, काकांची स्वतःची. तळमजल्याच्या मागच्या खोलीत त्यांनी आपल्या उभ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं : 'सुशीला. मशीन इथे. उजेड डाव्या हाताकडून.'

विलासभाऊंनी ते दोनदा वाचलं.

"ताई, मशीन तिथंच हाय तुही?"

"तिथंच हाय. दादानंच ठेवली. म्हणे, शिवतानी हाताची सावली कापडावर नाही पडली पाहिजे."

त्यांनी नकाशा गुंडाळला, ताईंच्या मांडीवर ठेवला आणि मुलाला म्हणाले, "त्या बिल्डरले सांगून दे, आमाले नाही द्यायचा."

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो तेव्हा तळमजल्याचं दार उघडं होतं. मशीनवरचं कापड निघालं होतं. बोळाकडच्या खिडकीतून डाव्या अंगानं उजेड येत होता, आणि ताई सुईत दोरा ओवत होत्या.