अस्लमच्या पट्टीतली गाणी

गुरुप्रसाद शिवलकर मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळतो. पण रत्नागिरीत त्याला ओळखतात ते कीबोर्डवाला गुरू म्हणून. हळदी, साखरपुडे, पूजा, गणपतीतले कार्यक्रम असं एकोणीस वर्षं आम्ही एकत्र वाजवलं. मी ऑक्टोपॅडवर, गुरू कीबोर्डवर आणि पुढे माइक घेऊन अस्लम.

अस्लम आठ वर्षं कुवेतला काढून आला होता. जेट्टीजवळ त्याचं जाळी आणि दोर विकायचं दुकान होतं. आवाज उंच आणि स्वच्छ. रियाज म्हणाल तर दुकानात गिऱ्हाईक नसताना गुणगुणायचा तेवढाच.

गुरूच्या कीबोर्डमध्ये दोनशे चौदा गाणी लावलेली होती. लावलेली म्हणजे, गाण्याचा नंबर दाबला की त्या गाण्याचा ताल, वेग, पट्टी आणि लागणारे टोन, म्हणजे वाद्यांचे आवाज, आपोआप पुढ्यात येणार. एकेका गाण्याला आठ बटणं. पहिल्यावर सुरुवातीचं म्युझिक, दुसऱ्यावर मुखडा, मग बासरी, सनई, जसं ज्याला लागेल तसं. सहाव्या बटणावर मात्र सगळ्या गाण्यांत गुरूनं नुसती संथ व्हायोलिनं ठेवली होती. कारण अस्लमला गाणं मध्येच थांबवून वरमाईशी, नवऱ्याच्या मामाशी गप्पा मारायची सवय. तो बोलेल तितका वेळ मागे व्हायोलिनं चालायची. ही सगळी मांडणी करायला गुरूला सहा-सात वर्षं लागली होती. प्रत्येक गाणं अस्लमच्या गळ्याला जिथं बसेल तिथं आणून ठेवलेलं.

जानेवारीत एका मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना अस्लम खाली बसला, तो उठलाच नाही. एक्कावन्न वर्षांचा होता. गुरू कब्रस्तानात आला, माती दिली आणि तिथून थेट दुपारच्या पाळीला गेला. मी म्हटलं, "आजचा दिवस सुट्टी घ्यायचीस."

"घेऊन काय करू?" तो म्हणाला.

महिन्याभरानं त्यानं मला स्वतःहून विचारलं, "अनिल, मला काय वाटतच नाय रे. वाटायला हवं ना?"

तोच पुढे म्हणाला, "दात काढायच्या आधी सुई देतात बघ. गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा तरी लागतो. तसं झालंय."

मे महिन्यातल्या हळदी आधीच ठरलेल्या होत्या. लोकांना नाही म्हणणं जमेना. शेवटी सावर्ड्याचा अजिंक्य नावाचा गायक मिळाला. पंचवीस-सव्वीसचा, गाण्याच्या शिकवण्या घेणारा. सुरात पक्का, पण अस्लमपेक्षा दोन-तीन सूर खाली गाणारा.

मग मार्चपासून गुरूनं गाणी बदलायला घेतली. सकाळपाळी करून तीन वाजता घरी यायचा, जेवायचा आणि कीबोर्ड उघडायचा. मी वही घेऊन शेजारी बसायचो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सगळंच एकदम तीन सूर खाली उतरवलं तर? एका बटणाचं काम आहे."

"गाणी उतरतील," तो म्हणाला, "टोन नाय उतरायचे. ही सनई ऐक." त्यानं तीन सूर खाली वाजवून दाखवली. सनई नाक चोंदल्यासारखी वाजली. "प्रत्येकाला वेगळं बघायला लागणार."

आणि त्यानं प्रत्येक गाणं वेगळं बघितलं. पट्टी बदलायची, टोन बदलायचा, वेग थोडा कमी करायचा, सेव्ह करायचं. अजिंक्य मध्ये बोलत नाही, म्हणून सहाव्या बटणावरची व्हायोलिनं काढून तिथं बासरी टाकली. दर वेळी सेव्ह करताना कीबोर्ड विचारतो, जुनं पुसून त्या जागी नवं ठेवू का? गुरू होय दाबायचा. तोंडावर काहीही नसायचं. मी वहीत टिक करायचो. एप्रिल संपता संपता दोनशे चौदाव्या गाण्यावर टिक झाली. गुरू म्हणाला, "चहा टाकतो," आणि आत गेला.

पहिला कार्यक्रम सावर्ड्यालाच होता. अजिंक्यच्या घरचीच माणसं समोर, त्यामुळे पोरगं खुशीत होतं. तिसऱ्या गाण्यानंतर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "ते पहिले गाणारे नाय आले? सगळ्यांची चौकशी करणारे?"

अजिंक्यनं मागे बघितलं. मी खाली बघितलं. गुरूनं बाजूचा माइक ओढला आणि म्हणाला, "ते वारले, आजी. जानेवारीत."

गुरूनं पुढच्या गाण्याचा नंबर लावला. ताल सुरू झाला, माझे पहिले दोन ठोके चुकले. गुरूचं एकही बोट चुकलं नाही. अजिंक्यनं मुखडा उचलला, बायका पुन्हा नाचायला लागल्या.

मेच्या अखेरीस अस्लमच्या बायकोची, सकिनाभाभींची, इद्दत संपली; नवरा गेल्यावर बाईनं घरात काढायचे चार महिने दहा दिवस. चारेक दिवसांनी त्या गुरूच्या घरी आल्या. बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी झोया होती. मीही तिथंच होतो. झोयाच्या हातात नवा पेनड्राइव्ह होता, अजून पाकिटातच.

भाभी म्हणाल्या, "गुरुभाई, ते नेहमी सांगायचे, माझी सगळी गाणी गुरूच्या मशीनमध्ये आहेत. तेवढी यात भरून द्या. मोबाइलवर आहेत थोडी, पण त्यात लोकांचा कालवाच जास्त."

गुरूनं त्यांना बसायला सांगितलं. मग म्हणाला, "भाभी, यात आवाज नसतो. नुसती तयारी असते गाण्याची. पट्टी, ताल, कुठं काय वाजवायचं ते."

"म्हणजे ते यात नाहीतच?"

"नाहीत." तो म्हणाला, "आणि त्याची पट्टीपण आता नाय राहिली. मी बदलली. नवीन मुलासाठी."

हे सांगायची गरज नव्हती. भाभींना कळलंही नसतं. झोयानं पेनड्राइव्ह ओढणीखाली घेतला.

भाभी म्हणाल्या, "मग जेवढं आहे तेवढं वाजवा."

गुरूनं कीबोर्ड उघडला. एक कव्वाली लावली. पट्टी तीन सूर वर नेली, वेग वाढवला, सहाव्या बटणावरची बासरी काढून व्हायोलिनं परत आणली. वही उघडली नाही, काही आठवायला थांबला नाही. मग वाजवायला लागला. गाणाऱ्याची जागा रिकामी ठेवून बाकी सगळं. झोयानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

पहिल्या अंतऱ्याच्या आधी गुरूचा हात किंचित थांबला.

"इथं दम घ्यायचे," भाभी म्हणाल्या.

"हो."

पुढे सहावं बटण आलं. व्हायोलिनं सुरू झाली आणि गुरू पुढे सरकलाच नाही. मिनिटभर, दोन मिनिटं नुसती व्हायोलिनं. बाहेर कुणाची तरी रिक्षा आली, गेली.

भाभी झोयाला म्हणाल्या, "घरी पण असंच. जेवता जेवता गोष्ट सांगायला लागायचे आणि भात निवून जायचा."

गुरूनं मान हलवली. मग त्यानं दुसरा अंतरा घेतला आणि गाणं संपवलं. भाभींनी डोळे पुसले, चहा घेतला, सगळ्यांची विचारपूस केली आणि त्या गेल्या.

मी म्हटलं, "हे सेव्ह करून ठेव की वेगळ्या जागी."

"ठेवून गाणार कोण?" म्हणत त्यानं सेव्ह न करताच कीबोर्ड बंद केला. दुसऱ्या दिवशी चालू केला तेव्हा ती कव्वाली परत अजिंक्यच्या पट्टीत होती.

गणपतीत आमचे नऊ कार्यक्रम झाले. अजिंक्य रुळला, लोक त्याला नावानं ओळखायला लागले. गुरू पूर्वीइतकाच बिनचूक वाजवतो. त्याचं दुःख अजून यायचंय, की येऊन गेलं आणि त्याला कळलं नाही, मला सांगता येत नाही. मी एकदा विचारलं, "आता कसं वाटतं?"

"तसंच," तो म्हणाला. "रविवारी येशील? अजिंक्यची स्वतःची वीसेक गाणी आहेत, ती लावायचीत."

रविवारी मी गेलो. संध्याकाळपर्यंत सहा गाणी लावून झाली.